रंजना ऑनलाइन आहे

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत लोक सायबर कॅफेत शिरताना इंटरनेट आहे का, असं कधी विचारायचे नाहीत. दारातूनच ओरडायचे, "मेसेंजर लागलाय काय?" लागलाय म्हटलं की चपला काढून आत. नाही म्हटलं की चपला न काढता पायरीवर बसून राहायचे, लागेपर्यंत. त्या प्रोग्रामचं पुरं नाव मी सांगत नाही. पिवळं हसरं तोंड म्हटलं की त्या वयातल्या माणसांना कळेल.

मी मूळची निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. पोरीच्या अंगाला तरी हा वास यायला नको, एवढ्या एका हट्टापायी त्यांनी मला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायला लावला. लग्न होऊन बेळगावात आले. नवरा बसमध्ये कंडक्टर, त्यामुळे दिवसभर घर मोकळं. सासऱ्यांच्या घराचा पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, रिकामा होता. त्यात प्लायवूडचे खण पाडले, कॉम्प्युटर मांडले आणि दारावर पाटी लावली. आमच्या दोन्ही बाजूला साड्यांचे विजेवरचे माग. सकाळपासून खटखट, खटखट. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं की कॉम्प्युटरच असा वाजतो. काहीजण तर विचारायचे, "मॅडम, जरा कमी आवाजाचा द्या की."

ज्यांनी मेसेंजर पाहिला नाही त्यांच्यासाठी तो काय होता ते सांगते. स्वतःला एक नाव घ्यायचं, बहुतेक वेळा खोटं. आपल्या ओळखीच्यांची नावं एका उभ्या खिडकीत दिसायची. समोरचा कॉम्प्युटरवर बसलेला असेल तर त्याच्या नावापुढचं तोंड पिवळं होऊन हसायचं, नसेल तर राखाडी. तोंड पिवळं असलं की लिहायचं, तो तिकडून लिहायचा. अनोळखी माणसांसाठी गप्पांच्या खोल्या असायच्या, गावांच्या नावाच्या. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे घंटी. समोरचा उत्तर देत नसला की एक बटण दाबायचं. मग त्याच्या पडद्यावरची खिडकी गदगदा हलायची आणि दणका वाजायचा. जगात कुठंही बसलेल्या माणसाला बेळगावातून हलवता यायचं. ह्या एका बटणावर माझं दुकान कितीतरी दिवस चाललं.

गावांच्या खोल्यांत काय चालायचं, त्याचा एक नमुना सांगते. एकदा दुपारी बेळगावच्या खोलीत दोन पोरांची जुंपली. एकजण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होता, दुसरा इंग्रजी अक्षरांत कानडी. विषय आमच्या भागाचा नेहमीचाच, बेळगाव कुणाचं. मी माझ्या कॉम्प्युटरवर वाचत बसले होते, कारण मला दोन्ही भाषा येतात आणि दुसरं काम नव्हतं. मजकूर असा होता की मी इथं लिहू शकत नाही. शेवटी मराठीवाल्यानं काहीतरी लिहिलं आणि त्याच क्षणी माझ्या कोपऱ्यातल्या खणातून जोरात आवाज आला, "ए, कोण रं हा?" तेव्हा त्याच्या शेजारच्या खणातून एक डोकं वर आलं. दोघंही आमच्याच गल्लीतले. एकाच मागावर आळीपाळीनं काम करणारे. मधे फक्त प्लायवूड होतं.

"तू व्हय?"

"व्हय. मग?"

मग कानडीवाला म्हणाला, "चल, च्या पिऊन येऊ," आणि जाताना दोघं मला दटावून गेले की कुणाला सांगायचं नाही. मी संध्याकाळपर्यंत दम धरला.

ह्या धंद्यात मी फक्त कॉम्प्युटर लावून द्यायची, असं बाहेरून वाटायचं. खरं काम वेगळंच होतं. निम्म्या गिऱ्हाइकांना टाइप करता यायचं नाही. मग ते शेजारी स्टूल घेऊन बसायचे, बोलायचे, आणि मी लिहायची. तिकडून आलेलं वाचून दाखवायची. नवरा-बायकोची भांडणं, आजारपणं, रुसवे-फुगवे, सगळं माझ्या बोटांतून जायचं. मी स्वतःला एक नियम घातला होता. लिहिताना थोडं सौम्य केलं तर चालेल, वाचताना एक अक्षर बदलायचं नाही. लिहितानाचा नियम रुक्माक्कानं मला फार वेळा मोडायला लावला, कारण तिचं बोलणं थोडंसंच सौम्य करून भागायचं नाही.

रुक्माक्का आमच्या समोरच्या घरात राहायची. तिचा माग होता, नवरा गरीब स्वभावाचा, आणि एकुलता एक पोरगा महेश मस्कतला. कंपनीत स्टोअर सुपरवायझर झालोय, असं त्यानं कळवलं तेव्हा तिनं गल्लीत घरटी पेढे वाटले होते आणि तेव्हापासून ती त्याला 'आमचा साहेब' म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं. महेशला शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी जेवणं झाली की ती पदर खोचून यायची आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तेव्हा पुढं तिचं बोलणं वाचून गोंधळू नका.

"मंगल, लाव गं आमच्या साहेबाला."

मी लावायची. ती विचारायची, जेवलास काय, काय जेवलास, पोट साफ होतंय काय. ह्यातला शेवटचा प्रश्न मी 'तब्येत कशी आहे' असा लिहायची. उत्तर यायला उशीर झाला की ती म्हणायची, "हालीव त्याला." मी घंटी वाजवायची. पुढं पुढं तिनं ते बटण ओळखून ठेवलं आणि मी नको म्हणेपर्यंत दाबतच राहायची. तिकडं मस्कतमध्ये काय होत असेल, ह्याची मला कल्पना करवत नसे.

मग असं झालं की महेशचं तोंड राखाडी दिसायला लागलं. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. आक्का घंटी वाजवून दमली. कोपऱ्यातल्या खणातला एक कॉलेजचा पोरगा न राहवून म्हणाला, "आक्का, तो इन्व्हिजिबल झाला असंल."

"काय झाला?"

मेसेंजरमध्ये तशी सोय होती. तुम्ही आत असायचा, सगळ्यांना बघायचा, पण तुमचं तोंड कुणाला, किंवा तुम्हाला नको त्या एकट्याला, पिवळं दिसायचं नाही. पोरानं हे तिला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे घरात असून कडी लावून बसलाय, असं म्हण की."

"तसंच काय असंल असं न्हाय, आक्का," मी म्हणाले. "काम असंल त्याला."

"शुक्रवारी कसलं काम?" मग तिनं जे विचारलं, त्यानं मी घाबरलेच. "मंगल, मला दुसरं नाव घेता येतंय न्हवं?"

खरं म्हणजे तिच्या काळजीला एक कारण होतं. निपाणीच्या एका ओळखीच्या घरात महेशसाठी बोलणी चालली होती. मुलगी चांगली होती, दिवाळीला तो आला की साखरपुडा करायचं ठरत आलं होतं, आणि त्या लोकांना पोराची सगळी माहिती पाहिजे होती. आक्कानं त्यांना 'आमच्या साहेबाचं' इतकं वर्णन करून ठेवलं होतं की आता पोरगाच गप्प झाल्यावर तिचा जीव टांगणीला लागला होता.

"नाव काय घ्यायचं?" मी विचारलं.

"रंजना."

"कोण रंजना?"

"कोण न्हाय. मला पोरगी झाली असती तर ठेवणार होतो."

मी तिला समजावलं की पोराशी पोरगी बनून बोलणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, "मी काय त्याच्याशी प्रेम करायली हाय? विचारपूस करायली हाय." रंजना कुठली, असं विचारल्यावर तिनं खानापूर सांगितलं. तिथं आपलं कुणी नाही, म्हणून पकडलं जायची भीती नाही, आणि वर खानापूरच्या पोरी स्वभावानं गरीब असतात, असं तिचं मत होतं. फोटोच्या जागी मी गुलाबाचं फूल लावलं. रंजनानं महेशला ओळखीची विनंती पाठवली. त्यानं ती लगेच घेतली आणि त्याचं तोंड पिवळं होऊन हसायला लागलं.

आक्का ताडकन उठली. "बघ! आईला कडी आणि रंजनाला दार सताड!"

मी तिला खाली बसवलं. हाय, कोण, खानापूर, बेळगावच्या खोलीत तुमचं नाव बघितलं, एवढं मी माझ्या मनानं लिहिलं. पुढं आक्काचा नेहमीचा प्रश्न आला.

"जेवलास काय विचार."

"आक्का, अनोळखी पोरी असं विचारत न्हाईत."

"मग काय विचारतात?"

"हॉबी काय म्हणून विचारतात."

"हॉबी म्हंजे?"

"आवड."

"त्याची आवड मला म्हाईत हाय. जेवलास काय विचार."

मी 'जेवलात का?' असं लिहिलं. तेवढीच अब्रू राखली. जेवलो म्हणून उत्तर आलं. मग रंजनानं विचारलं की तिकडं ऊन फार असेल नाही, आणि लगेच पुढं, डोक्याला तेल लावता की नाही. हा प्रश्न गाळावा म्हणून मी हातापाया पडले, पण ती ऐकेना. मग आलं, 'लावतो.'

"कसलं?"

'खोबरेल.'

"ह्याला एरंडेल सांगितलं होतं!" आक्का म्हणाली आणि रागानं तोंड फिरवून बसली. मी काय लिहू विचारलं तर बोलेना. बऱ्याच वेळानं रंजनानं बाय म्हटलं.

त्यानंतर दर शुक्रवारी हे चालू झालं. गल्लीला कळायला वेळ लागला नाही. मागावरचे लोक जाता जाता दारातून विचारायचे, "रंजना आली काय?" गंमत अशी की महेश रंजनाशी भरभरून बोलायचा. तिथली वाळू, तिथली माणसं, खोलीत एकावर एक खाटा, मल्याळी दोस्त, सगळं सांगायचा. आईच्या खिडकीत मात्र तोंड राखाडीच. आक्काला ते सहन होईना.

"माझ्यापरीस ही बया गोड लागायली त्याला."

"आक्का, बया तुम्हीच की."

"मी असलो म्हणून काय झालं? त्याला कुठं म्हाईत हाय?"

मग तो शुक्रवार आला. दुकान भरलेलं होतं. रंजनानं सहज विचारलं होतं की ऑफिसात काम फार असतं का. उत्तर येईना. पेन्सिलचं चित्र हलायचं, म्हणजे तो लिहितोय, आणि थांबायचं, म्हणजे खोडलं. असं कितीतरी वेळा झालं. मग एकदम मोठा मजकूर आला. त्यात लिहिलं होतं, 'मी सुपरवायझर नाही. कंपनीच्या मेसमध्ये कांदे कापतो. आल्यापासून हेच काम आहे. पोती पोती कांदे. घरी खोटं सांगितलं. आईनं गल्लीत पेढे वाटलेत, आता काय तोंडानं बोलू? निपाणीला एका मुलीशी माझं ठरवायला लागलेत. तिला फसवायचं नाही मला.'

आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय म्हणतोय?"

तिला वाचता येत नव्हतं. दुकानात दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. दोन वाक्यं गोड करून सांगितली असती तर साखरपुडा झाला असता, आणि पुढचं पुढं. माझ्या जिभेवर ती दोन वाक्यं आलीही होती. पण वाचताना अक्षर बदलायचं नाही, हा नियम मी दुसऱ्या कुणासाठी मोडला नव्हता. मी तिच्या कानाशी वाकून हळू आवाजात सगळं वाचलं.

तिचा चेहरा काही हलला नाही. "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचायला लागले आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. माझा कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा बॅटरीवर होते, ते चालू राहिले. पण गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. वर्षानुवर्षं त्या खटखटीत बोलायची सवय झालेली. मला वाटत होतं की मी हळू बोलतेय. माग थांबल्यावर कळलं की मी चांगली मोठ्यानं वाचत होते. 'पोती पोती कांदे' हे शब्द पायरीवरच्या माणसालाही ऐकू गेले. सगळी डोकी खणांवरून वर आली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्कानं मात्र कुणाकडं बघितलं नाही.

"कांद्यानं डोळ्याला पाणी येतंय काय विचार."

मी लिहिलं. 'सवय झाली,' असं उत्तर आलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "खाली लिव. रंजना-बिंजना कोण न्हाय. तुझी आई बसलिया हितं."

"आक्का, नक्की लिहू?"

"लिव. पाठवायचं बटण कुठलं? ते मीच दाबतो."

तिनं बोट ठेवलं आणि दाबलं. पेन्सिल हलली, थांबली, पुन्हा हलली. आणि मग दोनच शब्द आले.

'हो आई.'

मी वाचून दाखवलं. तिनं नाक ओढलं आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "कांदा कापतोस म्हंजे पुढचं पण येत असंल. भाजी येती काय?"

'येते. सगळं शिकलो. आचारी माझ्यावरच टाकतो आता.'

"भाकरी?"

'भाकरी नाही येत.'

"ती मी शिकवतो. कामाची मुदत संपली की ये घरला. गप यायचं. लाजत-बिजत यायचं न्हाय."

कॉलेजचा पोरगा खणातून बाहेर आला आणि कारण नसताना तिच्यासाठी चहा सांगून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती एकटी निपाणीला गेली. त्या लोकांच्या सोप्यावर बसून तिनं सांगितलं की आमचा पोरगा साहेब नाही, मेसमध्ये आचारी आहे, बघा जमत असेल तर. त्यांना जमत नव्हतं. ती परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "च्या पण दिला न्हाय गं. पोरगी चांगली हाय, पण घर कोरडं." एवढं बोलून तिनं तो विषय संपवला आणि माग चालू केला. गल्लीत कुणी महेशला कांदेवाला म्हणालं तर ती त्याला दारात बोलावून ऐकवायची, आणि तिचं ऐकून घेतलेला माणूस दुसऱ्यांदा तसं म्हणायचा नाही.

महेश आला. शहापुरातच वळणावर त्यानं खानावळ काढली. भाकऱ्या आई करायची, बाकी सगळं तो. पुढं त्याचं लग्न झालं ते खरोखरच खानापूरच्या मुलीशी. तिच्या गरीब स्वभावाबद्दल आक्काचं मत आता बदललंय.

माझं दुकान मात्र त्यानंतर उतरणीला लागलं. आधी मेसेंजरच बिघडत गेला. दर थोड्या दिवसांनी नवा अवतार यायचा, आणखी जड, आणखी जाहिराती. आमचे जुने कॉम्प्युटर तो उघडताना कण्हायचे. गप्पांच्या खोल्यांत माणसं कमी आणि माणसांचं सोंग घेतलेली यंत्रं जास्त झाली. तुम्ही हाय म्हटलं की ती काहीतरी विकायला काढायची. मग लोकांच्या हातात चांगले फोन आले. त्यात खोटं नाव घ्यायची गरज नाही, नंबर असला की झालं. टाइप करायची पण गरज नाही, बोललेलं तसंच्या तसं जातं. पहिल्यांदा कॉलेजची पोरं गेली, मग नोकरीवाले, शेवटी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या बायका. रुक्माक्कासुद्धा आता फोन तोंडासमोर धरून निपाणीपासून पुण्यापर्यंतच्या नातेवाइकांना ओरडून निरोप पाठवते. मी प्लायवूड काढलं, झेरॉक्सचं मशीन घेतलं, ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागले. काम आहे. पण पूर्वी गल्लीत कुणाचं काय चाललंय ते मला सगळ्यांच्या आधी कळायचं. आता मलाही बाकीच्यांसारखं चार लोकांकडून कळतं, आणि ते मला अजून नीटसं पचलेलं नाही.

मेसेंजर कायमचा बंद करणार, अशी बातमी आली त्या दिवशी महेश खानावळीच्या परवान्याची झेरॉक्स काढायला आला होता. मी त्याला पडद्यावरची बातमी दाखवली.

"बघ, तुझा मेसेंजर चालला."

त्यानं वाचलं आणि हसला. मग स्टूल ओढून बसला. "वैनी, एक सांगू काय? रंजना कोण हाय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. "म्हणजे?"

"खोबरेल लावतो म्हटल्यावर रंजना अर्धा तास गप्प बसली. खानापूरच्या पोरीला माझ्या खोबरेलाचा राग कशाला येईल? खोबरेलावर चिडणारं माणूस जगात एकच हाय."

"मग बोलला का न्हाईस रं? एवढे शुक्रवार?"

"आईला सांगायचं धाडस न्हवतं. किती वेळा लिहिलं आणि खोडलं. रंजनाला सांगितलं की आईपतूर जाणार, हे म्हाईत होतं. मधी तुम्ही होता. तुम्ही गोड करून वाचणार न्हाय, एवढ्या भरवशावर पाठवलं."

मला एकदम ते 'हो आई' आठवलं. त्यात आश्चर्य नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आख्ख्या दुकानाला वाटलं होतं की पोरगा सापडला, आणि सापडायचं त्यानंच ठरवलं होतं.

झेरॉक्स घेऊन जाताना तो दारात थांबला. "आईला सांगू नका, वैनी. आपण पोराला कसं पकडलं ते ती आजून गिऱ्हाइकांना सांगत असती. रोज जरा जास्तच सांगती. सांगू दे."

मी नाही सांगणार म्हणून शब्द दिला आणि तो पाळलाय. तिला मी सांगितलेलं नाही, फक्त ह्या दिवाळी अंकाला लिहून पाठवलंय. आक्काला अजूनही वाचता येत नाही. पण त्यांच्या खानावळीत टेबलावर अंक पडलेले असतात, आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवणारं एखादं गिऱ्हाईक निघेलच. त्या गिऱ्हाइकाला माझं एवढंच सांगणं आहे, आधी भाकरी पूर्ण खाऊन घ्या. वाचायला लागल्यावर दुसरी मिळायची नाही.